गच्चीवरचा टोमॅटो बाटलीत भरायचा असेल तर

2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला ना, तेव्हा आमच्याकडे सासूबाईंनी गुपचूप आमटीत आमसूल टाकायला सुरुवात केली आणि कोणाला कळलंही नाही. मला मात्र राग आला. पिंपळगाव बसवंतचं मार्केट आमच्यापासून पाऊण तासावर, भाव पडले की हाच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओततात, आणि आम्ही नाशिकमध्ये राहून पावशेर पावशेर आणतोय. तिथून हे खूळ सुरू झालं. आता आमच्याकडे केचप आणि प्युरी विकत येत नाही, रविवारी मॉलऐवजी गच्चीवर जातो, पोरंही येतात (पाणी उडवायला मिळतं म्हणून). पद्धत सांगते, पण चुकाही सांगते, कारण चुका जास्त कामाच्या आहेत.

आधी लावायचं कधी. पावसात गच्चीवर टोमॅटो लावायच्या भानगडीत पडू नका, करपा येतो आणि आठ दिवसांत पानं काळी. घटस्थापनेच्या आसपास, पाऊस ओसरला की रोपं लावा. पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कशी असते माहितीये ना, रात्री पारा दहाच्या खाली उतरला की फुलं येतात आणि गळून जातात, झाड नुसतं उभं. घाबरून खतं ओतू नका. मी पहिल्या वर्षी ओतली, पानं हिरवीगार, फळ शून्य. संक्रांतीनंतर आपोआप धरायला लागतात आणि मार्चपर्यंत मिळतात.

कुंड्या म्हणाल तर रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे सगळ्यात भारी, पेंटरकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळतात, नीट घासून तळाला पाच-सहा भोकं पाडायची. माती शेतातली काळी आणू नका, ती कुंडीत दगड होते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेनं थेट खाली. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, बास. वरून पालापाचोळ्याचा जाड थर, नाहीतर मार्चच्या उन्हात दुपारी रोप मान टाकतं. पाणी रोज एकाच वेळी द्यायचं, दोन दिवस विसरलात आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतलीत की फळाचा बूड काळा पडतो, तो रोग नाही, झाडाला कॅल्शियम नीट पोचत नाही म्हणून होतं. काठी आणि सुतळी लावायचीच. पानाखाली पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट कागद टांगा, आणि पानं मुरगळलेलं झाड सरळ उपटून टाका, जीव लावत बसू नका.

दहा डब्यांतून पूर्ण सीझनला 20 किलोच्या आसपास निघतो, म्हणजे बाजारातल्या एका क्रेटएवढाच. हसू नका. त्यात एकदम येत नाही, आठवड्याला दोन-तीन किलो. म्हणून बाटल्याही पाच-पाचच भरायच्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीला साधारण 600 ते 650 ग्रॅम टोमॅटो लागतो. कमी पडला तर फेब्रुवारीत भाव पडल्यावर एखादा क्रेट विकत आणा, त्यात कसली लाज.

आता मुख्य काम. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: बाटलीत फक्त आंबट पदार्थ. भेंडी, गवार, मटार, मक्याचे दाणे असल्या भाज्या नुसत्या पाण्यात उकळून बाटलीत टिकत नाहीत. हवाबंद बाटलीत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जंतू वाढू शकतो, वासाला चवीला काही कळत नाही आणि माणूस जीवानिशी जातो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्याला 116 अंश लागतात आणि त्यासाठी कॅनिंगचा खास प्रेशर कॅनर असतो. आपला डाळ-भाताचा कुकर त्याच्या जागी चालत नाही. मटार फ्रीजरमध्ये टाका, मेथी सावलीत वाळवा, कैरीचं लोणचं आणि गुळांबा आपल्याला येतोच की.

टोमॅटो मधेच लटकतो, कधी पुरेसा आंबट, कधी नाही. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली पाहिजे. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) टाकायचं. दुकानदाराकडे लिंबूसत्त्व म्हटलं की देतो. घरच्या लिंबाचा रस नको, प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. आणि अति पिकलेला, फुटलेला टोमॅटो बाटलीत नाही, त्याचा आंबटपणा उतरलेला असतो, तो त्याच दिवशी रस्श्यात.

पहिल्यांदा भरायला बसलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊनच भर ना, नंतर नुसतं ओतलं की झालं." ऐकायला इतकं सोयीचं वाटलं की मी कढई ठेवलीही होती. नवऱ्यानं अडवलं. लसूण-कांदा घातला की आंबटपणा कमी होतो आणि तेलामुळे उष्णता आतपर्यंत नीट पोचत नाही. फोडणी बाटली उघडल्यावर.

टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल तडकली की गार पाण्यात, साल काढून, देठाकडचा भाग कापून, हातानं कुस्करून पातेल्यात पाच मिनिटं उकळवा. बाटल्या साबणानं धुऊन गरम पाण्यातच ठेवा. हे मी केलं नव्हतं. थंड ओट्यावरच्या थंड बाटलीत रटरटता टोमॅटो ओतला, टिच्च आवाज आला आणि बूड तसंच ओट्यावर राहिलं, बाटली हातात. लाल सगळं गॅसखाली. झाकणं दर वेळी नवीन घ्या, जुन्या जॅमच्या झाकणातलं रबरासारखं अस्तर एकदाच नीट बसतं.

भरताना वर अर्धा इंच जागा सोडा, चमच्याच्या मागच्या बाजूनं कडेचे बुडबुडे काढा, तोंड ओल्या स्वच्छ कपड्यानं पुसा, एक बी जरी कडेवर राहिलं तरी सील होत नाही. झाकण बोटांच्या जोरानं लागेल तेवढंच, जीव खाऊन पिळायचं नाही, आतली हवा निघायला हवी ना. पातेलं खोल पाहिजे, आमचं भांडी बाजारातून आणलं, लग्नाचं जेवण होईल एवढं दिसतं. तळाला जुना टॉवेल, त्यावर बाटल्या, झाकणाच्या वर किमान इंचभर पाणी. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर घड्याळ लावा, 40 मिनिटं. समुद्राकाठी 35 चालतात, पण आपण नाशिककर साधारण 600 मीटर उंचीवर, पाणी जरा लवकरच, 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त. मोठ्या बाटल्यांना वेळ वेगळा, म्हणून मी त्या घेतच नाही.

गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बाहेर काढून टॉवेलवर, वाऱ्यापासून लांब, आणि रात्रभर हात लावू नका. मग ऐकत बसायचं. टक. बराच वेळ काही नाही, मग परत टक. झाकण मधे आत ओढलं जातं त्याचा आवाज. धाकटी दिवाणावरून मोजते आणि चार झाले की पाचवीसाठी झोपत नाही. सकाळी बोटानं दाबून बघा, मधला भाग वर-खाली झाला तर ती बाटली फ्रीजमध्ये आणि दोन-चार दिवसांत संपवा.

बाकीच्यांवर तारीख टाका, वर्षभर चालतात. पण माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मे मध्ये चाळिशी गाठली की माळा भट्टी होतो. आमच्या आतल्या खोलीत पलंगाखाली आहेत. कुठल्याही बाटलीचं झाकण फुगलं, उघडताना फसकन फेस आला, तर चव घेऊन बघू म्हणायचं नाही, फेकायचीच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त झाली की त्यांचा रसही भरता येतो, ती मुळातच आंबट त्यामुळे लिंबूसत्त्व नको आणि आपल्या उंचीला 10 मिनिटं पुरतात. फक्त भरण्याआधी रस एक-दोन दिवस फ्रीजमध्ये स्थिर ठेवा आणि वरचा अलगद गाळून घ्या, मग उकळून भरा. आम्ही घाई केली तर बाटल्यांच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे जमले, सासूबाईंनी बाटली फुटली म्हणून तीन बाटल्या मोरीत ओतल्या. ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार होते, निरुपद्रवी. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.