काचेच्या शेगडीवर गॅसच्या सवयी नकोत: या चुका टाळा

मुंबईत भाड्याच्या घरात पाइप गॅस नसला आणि सिलेंडरचीही सोय नसली, की बरेच जण काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीकडे, म्हणजे ग्लास सिरॅमिक हॉबकडे वळतात. शेगडी चांगलीच आहे. तक्रारी सुरू होतात त्या आपण तिच्यावर गॅससारखा स्वयंपाक करायला जातो म्हणून.

आधी एक घोळ मिटवू. ही इंडक्शन नव्हे. इंडक्शनवर भांडं स्वतः तापतं. इथे काचेखालची कॉइल लालबुंद होते आणि तिची धग काचेतून भांड्याला लागते. म्हणून ॲल्युमिनियम, तांबं, स्टील, बिडाचा तवा, सगळं चालतं. पण काचही सणसणीत तापते आणि बटण बंद केल्यावर बराच वेळ तशीच राहते. पॅनेलवर ‘एच’ अक्षर किंवा लाल दिवा दिसतो तो याच्यासाठी. तो जाईपर्यंत काचेला हात नको, ओलं फडकं नको, प्लास्टिकचा डबा तर नकोच. मधेच लाइट गेली तर तो दिवाही जातो, काच मात्र गरमच असते. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यांना बजावून ठेवा, स्वयंपाकाच्या मावशींनाही.

उशिरा बंद करणं

बरीच वीज इथे वाया जाते. गॅसवर दूध वर येताना दिसलं की बटण फिरवलं, दूध खाली बसलं. इथे बटण फिरवूनही काच धग देतच राहते आणि दूध उतू जातं. दूध चढायला लागलं की पातेलं सरळ उचलून बाजूला ठेवा. वरण-भाताच्या कुकरला तीन शिट्ट्या हव्या असतील तर दुसरीनंतरच बंद करून बघा. तिसरी बहुतेक आपोआप होते. भाजी, उसळ, खिचडी शेवटची पाच-सात मिनिटं उरलेल्या धगीवर छान मुरते. १८०० वॅटचा झोन (काचेवरचं एक तापणारं वर्तुळ) पूर्ण आचेवर अर्धा तास चालला की जवळजवळ एक युनिट जळतं, त्यामुळे रोजची ही पाच-सात मिनिटं बिलात जमा होत जातात.

भांड्याचं बुड

गोल बुडाची कढई काचेला जेमतेम मध्यभागी टेकते, बाकी धग हवेत. स्टीलची फूटपट्टी भांड्याच्या बुडावर आडवी धरा. खालून उजेड दिसला तर बुडाला पोक आलाय, ते भांडं इथे तापायला वेळ लावणारच. मोठ्या झोनवर चहाचं छोटं भांडं ठेवणंही तसंच. भांडं वर्तुळाएवढं हवं, वर झाकण हवं. जाळी ठेवून फुलका फुगवणं किंवा भरताचं वांगं थेट भाजणं ही कामं या शेगडीची नव्हेत. फुलका तव्यावरच फडक्याने दाबून फुगवा.

भांडं सरकवू नका, उचला. बुडाखाली मिठाचा किंवा वाळूचा एक खडा अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा उठू शकतो. ठेवण्याआधी बुड पुसून घ्या.

गूळ-साखर सांडली तर

इथे नियम उलटा आहे, म्हणून नीट लक्षात ठेवा. वरण, दूध, तेल सांडलं तर काच निवल्यावर पुसायचं. पण मोदकाचं सारण, चिक्कीचा पाक किंवा वितळलेलं प्लास्टिक काचेवर निवू द्यायचं नाही. पाक निवताना आकसतो, काचेला घट्ट धरतो आणि नंतर खरवडताना काचेचा टवका घेऊन निघतो. झोन बंद करा, जाड हातमोजा घाला आणि ब्लेडच्या स्क्रॅपरने पाक गरम असतानाच थंड भागाकडे ओढून घ्या. तारेची घासणी काचेला कधीच लावू नका. उरलेले पांढरट डाग क्षारांचे असतात. काच थंड झाल्यावर व्हिनेगर लावून मऊ फडक्याने पुसले की जातात.

ही काच एकदम गरम-थंड झाल्याने सहसा तडकत नाही. ती तडकते माराने. आपल्या छोट्या स्वयंपाकघरांत शेगडीच्या वरच फळी असते आणि तिच्यावर खलबत्ता, लोणच्याची बरणी. ती फळी आजच रिकामी करा. बारीक चीर जरी दिसली तरी शेगडी वापरू नका: नुसतं बटण नव्हे, बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पाडा. चिरेतून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो.

वायरिंग आणि छोट्या कुरबुरी

चार झोनची शेगडी पूर्ण चालली तर ६ ते ७ किलोवॅट ओढते, म्हणजे सुमारे ३० अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. जुन्या इमारतीत आधी वायरमनला दाखवा आणि बिलावरचा मंजूर भार तपासा. एका झोनची सुटी शेगडीसुद्धा एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

कॉइल मधेच लाल होते, मधेच विझते? तो थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारा भाग, बिघाड नव्हे. शेगडी टूंटूं करून आपोआप बंद पडते? टच पॅनेलवर पाणी किंवा ओलं फडकं असेल, कोरडं पुसा. बटणं दाबलीच जात नसतील तर चाइल्ड लॉक लागलंय का बघा. गीझर आणि दोन झोन एकदम चालू असताना एमसीबी ट्रिप होत (पडत) असेल तर भार जास्त झालाय. एकच झोन लावूनही ट्रिप होत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा एमसीबी वर करत बसू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा.