हार्डकोर पंकच्या रेकॉर्ड्स कशा जमवाव्यात: पहिल्या खरेदीपासून पावसाळ्यापर्यंत

1980च्या अखेरीस वॉशिंग्टन डी.सी.मधल्या टीन आयडल्स या पोरसवदा बँडने फुटता फुटता, कार्यक्रमांतून साठवलेल्या पैशांत, आपली आठ गाणी सात इंची तबकडीवर काढली. प्रती 1000. कव्हरं छापून आणली आणि मग घरी बसून ती कापली, दुमडली, चिकटवली. त्या एका रेकॉर्डसाठी काढलेलं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) म्हणजे डिस्कॉर्ड. बोस्टन, मिशिगन, कॅलिफोर्निया, साओ पावलो, हेलसिंकी अशा कितीतरी ठिकाणी हार्डकोरच्या, म्हणजे पंक रॉकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक प्रकाराच्या, रेकॉर्ड्स थोड्याफार फरकाने अशाच निघाल्या. घरगुती हातांनी, कमी पैशांत, काहीशेंच्या घरात. या छंदाची सगळी गोडी त्यात आहे आणि सगळ्या अडचणीही त्यातूनच येतात. म्हणून इथे पैसे मोजण्याआधी रेकॉर्ड वाचायला शिकावं लागतं.

आधी कुंपण घाला

"हार्डकोर जमवतो" एवढ्यावर संग्रह होत नाही, नुसता ढीग होतो. एक शहर आणि चार-पाच वर्षं, एवढंच धरा. डी.सी., 1980 ते 1983. किंवा मिशिगनच्या टच अँड गो लेबलची सुरुवातीची वर्षं. किंवा ब्राझील: 1982 सालच्या 'ग्रितो सुबुर्बानो' या संकलनात ओल्यो सेको, इनोसेंतेस आणि कोलेरा हे तीन बँड एकत्र भेटतात, तिथून पुढचा धागा सापडतो. कुंपण लहान असलं की त्यातल्या प्रत्येक रेकॉर्डची किती प्रेसिंग्ज (छपाईच्या फेऱ्या) निघाली, कव्हर कुठल्या कागदावर होतं, आत काय काय होतं, हे सहा महिन्यांत तोंडपाठ होतं. खरेदीतलं खरं भांडवल हेच.

सुरुवात रीइश्यूपासून, म्हणजे नंतर पुन्हा छापलेल्या प्रतींपासून, करा, यात कमीपणा काही नाही. डिस्कॉर्डने आपल्या सुरुवातीच्या चार सात इंची रेकॉर्ड्स 1984 मध्येच एका बारा इंचीवर एकत्र आणल्या होत्या, आणि त्या काळातलं बरंचसं संगीत हे लेबल आजही छापतं. गाणी आधी रीइश्यूवर ऐका. तीन महिन्यांनंतरही जी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावावीशी वाटते, तिच्याच मूळ प्रतीच्या मागे लागा. काही रेकॉर्ड्सच्या बाबतीत तर दुसरा रस्ताच नाही. टच अँड गोची पहिली रेकॉर्ड, नेक्रोस या बँडची 1981 सालची सात इंची, 100 प्रतींची होती. दुसरी, द फिक्सची, 200 प्रतींची. त्यांची मूळ प्रत हाती लागेल या आशेवर संग्रह उभा करू नका.

तबकडी वाचणं

इथे घाई नको, कारण बहुतेक पैसे इथेच बुडतात.

शेवटच्या गाण्यानंतर मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्याला रन-आउट म्हणतात. त्यावर कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरं म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरा, अक्षरं उठून दिसतात. दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा लिहून घ्या: कुठे हाताने खरवडलंय, कुठे यंत्राने ठोकलंय, कुठे खाडाखोड आहे. कॅलिफोर्नियाच्या अनेक पंक रेकॉर्ड्सवर के-डिस्क या मास्टरिंग (छपाईसाठी मूळ खाचा कोरणाऱ्या) स्टुडिओची खूण आणि जॉन गोल्डन यांची 'जे जी' ही आद्याक्षरं सापडतात. ब्रिटिश रेकॉर्ड्सवर हेच काम करणाऱ्या जॉर्ज पेकम यांची 'पोर्की' ही सही. बँडवाले तिथे निरोपही कोरून ठेवत. हा मजकूर डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सची सूची आणि खरेदी-विक्री असलेल्या संकेतस्थळावरच्या त्या-त्या प्रेसिंगच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एक आडवी रेघ जास्त असली तरी प्रेसिंग वेगळं असू शकतं.

त्यानंतर कव्हर. डी.सी.च्याच मायनर थ्रेट या बँडच्या 1981च्या पहिल्या सात इंचीचं कव्हर पहिल्या प्रेसिंगला लाल होतं, पुढे रंग बदलत गेले. पण नुसत्या लाल रंगावर पैसे मोजू नका. कव्हर एका प्रतीचं आणि तबकडी दुसऱ्या प्रतीची, अशी जोडी लावणं सोपं असतं. रन-आउट, लेबल, कव्हर आणि इन्सर्ट या चारही गोष्टी एकाच प्रेसिंगच्या असतील तरच ती प्रत त्या प्रेसिंगची.

इन्सर्ट म्हणजे आत घातलेला गाण्यांच्या शब्दांचा कागद, पत्रक किंवा स्टिकर. वीस-पंचवीस हातांतून फिरताना सगळ्यात आधी हरवतो तो हाच. म्हणून विकणाऱ्याला "पूर्ण आहे का?" असं मोघम विचारू नका. "या प्रेसिंगमध्ये दुमडलेला शब्दांचा कागद होता, तो आहे का, त्याचा फोटो पाठवा," असं नेमकं विचारा.

बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेली नक्कल, ओळखायची चांगली जागा म्हणजे छपाई. मूळ कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलं की फोटोतले बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात, काळा भाग चिखलासारखा दिसतो, लहान अक्षरांच्या कडा मऊ पडतात. दहापट भिंग खिशात ठेवा. मात्र हाताने कापलेल्या कव्हरची कड वाकडी असणं किंवा डिंकाचा डाग दिसणं हा दोष धरू नये, त्या काळच्या घरगुती कामाचा तो भागच आहे.

'टेस्ट प्रेसिंग' (मुख्य छपाईआधी तपासणीसाठी काढलेल्या मोजक्या प्रती) म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या लेबलच्या रेकॉर्ड्सबाबत जास्तच सावध राहा. कोरं लेबल कुणीही लावू शकतं. खऱ्या टेस्ट प्रेसिंगचं रन-आउट सहसा मूळ प्रेसिंगशी जुळतं. जुळत नसेल तर कारण विचारा, आणि पटेल असं कारण मिळालं नाही तर सोडून द्या. अतिदुर्मीळ नावांच्या बाबतीत पुरावा मागायचा संकोच करू नका. जज या बँडची 1989 सालची 'चुंग किंग कॅन सक इट' रेव्हलेशन लेबलने सुमारे 110 प्रतींपुरतीच काढली. अशा रेकॉर्डच्या बनावट प्रती निघतातच.

प्रत किती चांगली आहे

प्रतवारीची बाजारातली भाषा गोल्डमाइन मासिकाची आहे: मिंट (नवी कोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड आणि खाली. त्या हिशेबात व्हीजी प्लस प्रतीची किंमत निअर मिंटच्या साधारण निम्मी आणि व्हीजीची पाव धरतात. शेकड्यांतच छापलेल्या हार्डकोर रेकॉर्ड्सना हे गणित लागू पडत नाही, तिथे ओरखडे असलेली प्रतही महाग जाते. तबकडी आणि कव्हर यांची प्रतवारी वेगवेगळी लिहिलेली असते, दोन्ही वाचा.

स्वतः तपासताना एकाच दिव्याखाली तबकडी तिरकी धरून हळूहळू फिरवा. केसासारखे हलके ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाचं टोक ओरखड्यात अडकलं तर तिथे 'टक टक' येणार किंवा सुई उडी मारणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर चकचकीत रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड खूप वाजलेली आहे. तबकडी डोळ्याच्या पातळीवर धरून कड वाकलीय का पाहा. सगळ्यात फसवी झीज म्हणजे जुन्या, बोथट सुईने घासलेल्या खाचा: पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, फक्त जरासा करडा, पण मोठ्या आवाजाच्या जागी घरघर येते. हार्डकोरमध्ये मोठा आवाज नसलेली जागाच कमी, त्यामुळे इथे ही झीज जास्त टोचते. शक्य असेल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐकून घ्या. आतल्या खाचांत बिघाड आधी कळतो.

एक लहानशी सूचना: सात इंची आहे म्हणजे वेग 45च असेल असं नाही. एका बाजूला चार-पाच गाणी कोंबलेल्या रेकॉर्ड्स बऱ्याचदा 33वर चालतात आणि लेबलवर तसं लिहिलेलं नसतं. गायकाचा आवाज चिरका वाटला तर आधी वेग बदलून बघा. भोक मोठं, म्हणजे सुमारे 38 मिलिमीटरचं असेल तर मध्ये बसवायची चकती लागते. ती टर्नटेबलसोबत आली नसेल तर पाठोपाठ घेऊन ठेवा.

किंमत आणि पार्सल

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. डिस्कॉग्जवर त्या नेमक्या प्रेसिंगचा विक्रीचा इतिहास पाहा: सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त किंमत, आणि शेवटची विक्री कधी झाली ती तारीख. लिलावातले जुने भाव पॉपसाइक या संकेतस्थळावर सापडतात. मधल्या किमतीच्या दीडपट मागणी असेल तर त्यामागे एखादं कारण हवं: सगळे इन्सर्ट, निअर मिंट प्रत, विकणाऱ्याची पक्की ख्याती.

भारतात बसून हा छंद करायचा तर टपाल हाच मुख्य रस्ता. मुंबईच्या चोर बाजारात हिंदी चित्रपट, गझल, डिस्को, पाश्चात्त्य रॉक खूप मिळतं. हार्डकोर तिथे शोधण्यात दिवस घालवू नका. या रेकॉर्ड्स कार्यक्रमांत आणि पत्राने मागवून विकल्या जात, इथल्या दुकानांपर्यंत त्या आल्याच नाहीत.

परदेशातून मागवताना तीन गोष्टी लेखी कळवा. एक, तबकडी कव्हरबाहेर काढून, आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे ठेवा. आतच राहिली तर पार्सल आपटल्यावर तिची कड कव्हरचा जोड फाडते. दोन, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, आणि त्याच्या कडा कव्हरपेक्षा बोटभर बाहेर. तीन, पार्सलवर खरी किंमत. सीमाशुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, म्हणून लोक किंमत कमी लिहायला सांगतात. पण मग पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच, शिवाय ते बेकायदा आहे. एका रेकॉर्डऐवजी त्याच विक्रेत्याकडून चार-पाच मागवा, दर नगामागे टपालखर्च बराच उतरतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बहीण, मावसभाऊ, मित्र असेल तर पार्सल त्यांच्या पत्त्यावर मागवून येताना आणायला सांगता येतं. कव्हरसकट एल.पी. (बारा इंची रेकॉर्ड) साधारण पाव किलोची. बारा-पंधरा एल.पी. केबिन बॅगेत उभ्या बसतात. चेक-इनच्या बॅगेत कधीही देऊ नका.

धुणं

जुनी रेकॉर्ड घरी आली की सुई टेकवण्याआधी धुवा. डिस्टिल्ड पाणी 800 मिलिलिटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल 200 मिलिलिटर, आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं राहील असं झाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत धुवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खंगाळा, मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि ताटांच्या स्टँडवर उभी करून पूर्ण वाळवा. नळाचं पाणी वापरलंत तर क्षार खाचांत बसून 'कडकड' कायमची राहते. भांड्यांच्या साबणाचा थर सुईवर जमतो. हे मिश्रण 78 वेगाच्या लाखेच्या जुन्या रेकॉर्ड्सना लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

सुईकडेही लक्ष हवं. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम 95 ई सारख्या साध्या, चांगल्या कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) सुईचा तबकडीवरचा भार 2 ग्रॅमच्या आसपास ठेवायचा असतो आणि सुईचं आयुष्य सुमारे 300 तास असतं. भार 'अंदाजे' लावू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. कमी भारावर सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान त्यातून जास्त होतं.

आपल्या हवेत जपणं

कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात चार महिने हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर राहतो. त्या दिवसांत बुरशी आधी कागदाला धरते: इन्सर्ट, कव्हरची आतली बाजू, कागदी पिशव्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आत लहान आर्द्रतामापक ठेवा. आकडा 60च्या वर टिकायला लागला की डीह्युमिडिफायर लावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर महिन्याकाठी वाळवून पुन्हा भरा. डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो आणि निघत नाही.

बाहेरची पिशवी पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिथिलीनची घ्या. मऊ, जाडसर पी.व्ही.सी. पिशव्या दिसायला छान, पण त्यांतला प्लॅस्टिक मऊ ठेवणारा घटक कालांतराने तबकडीवर धुरकट डाग पाडतो आणि तो धुऊन जात नाही. इन्सर्ट वेगळ्या आम्लरहित पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवा. फाटला असेल तरी सेलोटेप लावू नका. जुन्या दुकानाचं किमतीचं लेबल तसंच राहू द्या, खरवडताना कव्हरचा रंग निघतो.

रेकॉर्ड्स उभ्याच ठेवायच्या, एकीवर एक आडव्या कधी नाहीत. शंभर एल.पी. म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास, तेव्हा फळी तेवढी भक्कम हवी. फार घट्ट कोंबल्या तर तबकडीचा गोल ठसा कव्हरवर उमटतो, सैल सोडल्या तर तिरक्या होऊन वाकतात. दोन बोटं सहज शिरतील इतकी जागा ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत तासभर राहिलेली रेकॉर्ड पुन्हा सपाट होत नाही.

प्रत्येक नव्या रेकॉर्डची नोंद त्याच दिवशी करा: दोन्ही बाजूंचं मॅट्रिक्स, कव्हर आणि तबकडीची प्रतवारी, इन्सर्ट आहे की नाही, कुठून घेतली, टपाल आणि सीमाशुल्क धरून किती पडली. ही वही मोबाइलमध्येही असू द्या. दुकानात किंवा रेकॉर्ड फेअरमध्ये एखादी सात इंची हातात आली की आपल्याकडची प्रत नेमकी कुठल्या प्रेसिंगची, हे उभ्या उभ्या पाहता येतं, आणि समोरची प्रत घ्यायची की परत खोक्यात ठेवायची ते तिथेच ठरवता येतं.