हरभरा पेरण्याआधी मातीची ने-आण थांबवा

हरभऱ्याची पेरणी जवळ आली की दुकानात मर रोगाच्या, म्हणजे उभं झाड वाळवणाऱ्या रोगाच्या, औषधांची चौकशी सुरू होते. औषधाचं नंतर बघू. मर आणणारी फ्युजेरियम बुरशी स्वतःहून जागची हलत नाही. द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात, हिच्या बीजाणूंना तीही सोय नाही. तंतू वाढवत शेजारच्या मुळापर्यंत पोचली तर पोचली. बाकी सगळा प्रवास आपण घडवतो. भाड्याच्या रोटाव्हेटरला चिकटलेली ढेकळं, वरच्या वावरातून वाहत आलेलं पाणी, रोगट प्लॉटचं घरचं बियाणं आणि उकिरड्यावर टाकलेलं कुटार. आमच्या वावरात पहिली मर दिसली ती नेमकी ट्रॅक्टर आत शिरतो त्या कोपऱ्यात.

तेव्हा अवजार बांधावरच खरडून, धुऊन आत घ्या. मालक कुरकुरेल, कुरकुरू द्या. पिकाशिवायही ही बुरशी जमिनीत 6 वर्षांपर्यंत तग धरते, त्यामुळे एका वर्षाच्या फेरपालटाने भागत नाही. मर लागलेल्या रानात ज्वारी, गहू किंवा करडई घ्या. मसूर-वाटाणा नको, कारण त्यांच्या मुळांवर ती गुपचूप राहू शकते. हरभराच घ्यायचा असेल तर विजय, दिग्विजय, जाकी 9218 असे मर प्रतिकारक वाण निवडा.

ट्रायकोडर्मा ही आपल्या बाजूची बुरशी, पण तीही चालत जाऊन मूळ शोधत नाही. वावरात फेकून उपयोग कमी, ती बियाण्यालाच चोळायला हवी. किलोला 5 ग्रॅम घ्या. मग गुळाच्या थंड पाण्यात कालवून रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बरेच जण ट्रायकोडर्मासोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही लावतात. त्याने ट्रायकोडर्माच मरते, तिचे पैसे वाया.

बागायतीत 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर ही पेरणीची वेळ. जमीन तापलेली असताना घाई केली तर मर वाढते.

उगवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी ओळीतून फिरा. हिरवंच झाड मान टाकून पडलेलं दिसलं तर उपटा आणि खोड ब्लेडने उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ असेल तर मर. रेघ नाही, पण बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर ती मानकूज. फुलोऱ्याच्या सुमारास उपटताना मूळ कडकन तुटलं आणि तंतुमुळं झडलेली असली तर कोरडी मूळकूज. मरीचं झाड मातीसकट पिशवीत घालून बाहेर न्या आणि जाळा. ओढत नेऊ नका, वाटेत माती सांडते. त्या ओळीत कोळपं घालायचं असेल तर सगळ्यात शेवटी घाला.