अंधारात काळा ल्युअर

तिन्हीसांजेला खाडीत जिताडा माशासाठी ल्युअर, म्हणजे नकली आमिष, घरी बनवत असाल, तर चंदेरी रंगाचा मोह सोडा. चंदेरी चमकायला मुळात उजेड लागतो. वरून जाणाऱ्या भक्ष्याकडे मासा खालून बघतो. मावळत्या आभाळासमोर त्याला रंग नव्हे, आकार दिसतो. म्हणून वरच्या थरात चालणारा ल्युअर सरळ काळा रंगवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

गढूळ पाण्यात माशाची पार्श्वरेषा, म्हणजे अंगाच्या बाजूची संवेदनशील रेघ, थरथर टिपते. लाकडी ल्युअरच्या पोटात भोक पाडून सायकलच्या बेअरिंगचे 2-3 छर्रे सैल सोडा. भोकाच्या तोंडाला आधी लाकडी खुंटी ठोका, मगच इपॉक्सी हे चिकटद्रव्य लावा. नाहीतर ते आत झिरपून छर्रे चिकटतात आणि खुळखुळा मुका होतो. रीळ सावकाश गुंडाळा.