चेहऱ्यावरचा खड्डा शेजारच्या कातडीनं भरायचा असेल तं

हे आपल्या भागातल्या ज्युनिअर सर्जन पोट्ट्यांसाठी लिहून राहिलो, ज्यांची पोस्टिंग ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात आहे आणि प्लास्टिक सर्जन म्हटलं की नागपूर किंवा सेवाग्राम. केसेस सगळ्यांना माहीत आहेत, जन्मभर वावरात उन्हात राबलेल्या बुढ्याच्या गालावरचं न भरणारं बेसल सेल (कातडीचा एक कॅन्सर), मोह वेचताना अस्वलानं फाडलेला चेहरा, कुत्रा चावलेलं लेकरू.

जनावराची केस असेल तं फ्लॅपचं, म्हणजे शेजारची कातडी रक्तपुरवठ्यासकट उचलून खड्ड्यावर फिरवायचं, नावच काढू नका आधी. साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, रेबीजची लस, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजच्या तयार अँटीबॉडी), धनुर्वाताचं इंजेक्शन. कातडी फिरवायची ती जखम स्वच्छ दिसल्यावर. आणि कॅन्सर असेल तं बायोप्सी करून घ्या, लहान, कडा स्पष्ट असलेल्या बेसल सेलला चार मिलिमीटर मार्जिन (भोवतालची चांगली कातडी) घेऊन काढा आणि मार्जिन क्लिअर असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत नुसतं ड्रेसिंग करत राहा, नातेवाईक कितीही घाई करोत. फ्लॅपखाली उरलेला रोग लवकर दिसत नाही, अन् दिसतो तेव्हा लय खोल गेलेला असतो.

आता मुद्द्याचं. सगळे खड्डा पाहत बसतात, पाहायचं असते ते शेजार. पेशंटला बसवा (झोपवलं की गालाची लोंबणारी कातडी मागे जाते अन् अंदाज चुकते), दोन बोटांच्या चिमटीत कातडी धरा, कुठं सैल आहे, कोणत्या दिशेनं येते ते पाहा. मग हसायला लावा, डोळे गच्च मिटायला लावा, सुरकुत्या दिसतील, व्रण शक्यतो त्यातच लपवायचा. मार्किंग इंजेक्शनच्या आधी, कारण लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) गेलं की सगळं फुगते. ओठाच्या लाल कडेची खूण तं आधीच करून ठेवा, तिथं एका मिलिमीटरची पायरी पडली तरी समोरच्याला बोलताना दिसते.

गालासाठी माझा भरवशाचा म्हणजे लिंबर्गचा रॉम्बॉइड फ्लॅप. खड्ड्याला शंकरपाळ्याचा आकार द्या, चारही बाजू सारख्या, कोन साठ आणि एकशेवीस. एकशेवीसच्या कोपऱ्यातून आखूड कर्ण तेवढ्याच लांबीनं बाहेर वाढवा, तिथून जवळच्या बाजूला समांतर तेवढीच रेघ मारा, झाला फ्लॅप. असे चार काढता येतात, अन् खरी डोकेबाजी कोणता निवडायचा यातच आहे. सगळ्यात जास्त ताण फ्लॅप जिथून उचलला ती जागा बंद करताना येते, म्हणून ती जागा सैल कातडीच्या दिशेला पाहिजे. खालच्या पापणीजवळ असाल तं ताण आडवाच ठेवा, खाली ओढ बसली की पापणी उलटी झालीच समजा.

गालावर चरबीच्या थरातच राहा, खोल जाऊ नका. झायगोमाच्या (गालाच्या) हाडावरून फेशियल नर्व्हची (चेहरा हलवणाऱ्या नसेची) कपाळाकडं जाणारी फांदी अगदी वरून जाते, ती कापली की भुवई कायमची पडली. ॲड्रेनालिनवालं लिग्नोकेन किलोला सात मिलिग्रॅमच्या वर नाही, टोचून दहा मिनिटं थांबा. आतून ५-० व्हिक्रिल (आपोआप विरघळणारा धागा), ताण सगळा त्यावरच, वरून ६-० नायलॉन. टाके पाच ते सात दिवसांत काढा.

नाकाच्या शेंड्याचा दीड सेंटिमीटरपर्यंतचा खड्डा असेल तं बायलोब (दोन पाकळ्यांचा फ्लॅप), पण तो आधी कोणाच्या तरी हाताखाली करा. त्याहून मोठा म्हणजे कपाळाचा फ्लॅप. १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलेलं पुण्याचं ऑपरेशन ते हेच, कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक. यात देठ (फ्लॅपला कपाळाकडून रक्त देणारी पट्टी) तीन आठवड्यांनी कापावा लागते, म्हणून पेशंटला आधीच नीट सांगा, सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की तो दुसऱ्या स्टेजला फिरकत नाही. पाठवायचं असेल तं मोठ्या दवाखान्यातच पाठवा.

रात्री सिस्टरला फ्लॅप पाहायला लावा. पांढरा पडला, दाबून सोडल्यावर रंग येत नाही, म्हणजे रक्त पोचत नाही. जांभळा झाला अन् दाबल्यावर रंग पटकन येते, म्हणजे रक्त परत जात नाही, एक-दोन टाके सोडा, खाली रक्त साचलं का पाहा, ड्रेसिंग घट्ट नाही ना तेही पाहा.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणि बिडीचं बुढ्याला नाही, बुढीला सांगा. आधी-नंतर महिनाभर पूर्ण बंद, नाहीतर फ्लॅपचं टोक काळं पडते, अन् खिशातली पुडी तीच शोधून काढते.