मालक म्हणतोय रूम खाली करा, आता काय करायचं?

रात्री मेसेज येतो, "महिनाअखेर रूम खाली करा", आणि आपण घाबरून लगेच ब्रोकरला फोन लावतो. थांबा जरा. आधी कपाटातून लीव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट काढा आणि संपायची तारीख बघा, सगळा खेळ तिथेच आहे.

तारीख बाकी असेल तर नोटीस पिरियड किती लिहिलाय ते बघून मालकाला लेखीच उत्तर द्या, फोनवर भांडू नका. तारीख उलटली असेल तर मात्र अडून बसू नका, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे, मुदत संपूनही राहिलात तर भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) गेला आणि समन्स आलं तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र द्यायचं, ते पाकीट फ्रिजवर ठेवून विसरलात तर तुमचं न ऐकताच ऑर्डर निघते.

ॲग्रीमेंट रजिस्टरच केलं नाही? मग घाम मालकाला फुटायला हवा, रजिस्ट्रेशन ही त्याची जबाबदारी (कलम ५५). आणि पाणी-लाईट तोडली, कुलूप बदललं तर फोटो काढा, पोलीस चौकीत लेखी तक्रार द्या.

पागडीवाल्यांचं (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुन्या भाड्यावर राहणारे) प्रकरण वेगळं, ते लघुवाद न्यायालयात चालतं, तिथे वकिलाला न दाखवता कशावरही सही नको. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट मिळतो.

आता म्हाडा, कारण रूम सुटली की अनेकांना या सरकारी गृहनिर्माण मंडळाची लॉटरी आठवते. लॉटरीचं घर विकत घ्यायचं असतं, भाड्याने मिळत नाही, आणि नंबर लागला तरी ताबा लगेच मिळेल असं नाही, म्हणजे पुढच्या महिन्याची सोय त्यातून होणार नाही, ती तुम्हालाच विरार-बदलापूरकडे बघून करावी लागेल (प्रवास वाढतो, काय करणार). तरी तयारी आजच करा. मुंबईत नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. आधार, पॅन, डोमिसाईल, आयटी रिटर्न किंवा तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो. डोमिसाईलसाठी सगळ्यात जास्त धावपळ होते, ते पहिलं काढा. अर्ज ऑनलाईनच, म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत, "साहेबांशी सेटिंग आहे" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत मिळते.

आणि हो, जुन्या रूमची चावी डिपॉझिट हातात पडल्यावरच द्या, शेवटच्या लाईट बिलाची पावती जवळ ठेवून.