बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही? बालविज्ञान परिषदेचा प्रकल्प असा करा

अकरावीतली मुलं जुलै महिन्यात येऊन विचारतात, "मॅडम, बालविज्ञान परिषदेला कुठला विषय घेऊ?" मी उलट विचारते, तुझी आई पाण्याबद्दल, चुलीबद्दल, शेळीबद्दल रोज कशावरून कुरकुरते? विषय तिथंच असतो.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वयाच्या मुलांसाठी ती आहे, आणि मोठा गट १४ ते १७ चा. बारावीतली काही मुलं वयात बसत नाहीत, तेव्हा यंदाच्या पत्रकातली वयाची अट आधी बघा. मुख्य विषय ठरवून दिलेला असतो. आपला प्रश्न त्यात बसवायचा. जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय अशी चढण आहे. इथं थर्माकोलचं मॉडेल चालत नाही. आपल्या परिसरातल्या प्रश्नावर स्वतः मोजमाप करून काढलेला निष्कर्ष लागतो.

मी माण तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडच्या दोन मुलींनी घेतलेला प्रश्न सांगते, म्हणजे पद्धत कळेल. त्यांच्या वाडीत बायका म्हणतात, बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, आडाच्या पाण्यात शिजते. हे खरं का, आणि खरं असेल तर कशामुळं?

"पाणी प्रदूषण: एक अभ्यास" असलं काही घेऊ नका, त्याला शेवटच नाही. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि उत्तर आकड्यात आलं पाहिजे.

पहिल्या खेपेला आमचं चुकलं. एकीनं आपल्या घरची डाळ आणली, दुसरीनं आपल्या घरची. बोअरच्या पाण्यात कितीतरी जास्त वेळ लागला, पोरी हरखल्या. मग लक्षात आलं, एक डाळ नवी होती आणि दुसरी गेल्या वर्षीची. जुनी डाळ तशीही उशिरा शिजते. अकरा दिवसांचं काम बाजूला ठेवून एकाच पोत्यातली दोन किलो डाळ घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नोंदवहीतली ती पानं मात्र फाडू दिली नाहीत.

पहिला संशय पाण्याच्या जडपणावर, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांवर. हा जडपणा कॉलेजच्या प्रयोगशाळेतच मोजता येतो. ५० मिलि पाणी, त्यात अमोनिया बफर (पाणी अल्कधर्मी ठेवणारं द्रावण), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून दाखवणारा दर्शक), ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन) थेंबथेंब सोडायचं. वाईनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. या मापात १ मिलि ईडीटीए म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. समजा २२ मिलि लागलं, तर जडपणा लिटरला ४४० मिग्रॅ. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत योग्य धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

डाळ कुकरमध्ये शिजवू नका, आत काय चाललंय ते दिसत नाही. उघडं पातेलं, तेच पातेलं, पाण्याला उकळी आल्यावर मोजून ५० ग्रॅम डाळ. मग दर दोन मिनिटांनी वीस दाणे काढून बोटांत दाबायचे. नोंद अशी: "मिनिट १४, २० पैकी ३ मऊ, बाकीच्यांत कणी." प्रत्येक पाण्याची तीन-तीन वेळा.

आता खरी मेख. बोअरच्या आणि आडाच्या पाण्यात फरक फक्त जडपणाचाच असतो असं कुणी सांगितलं? म्हणून तिसरं पातेलं डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याचं, आणि चौथं त्याच डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालून बोअरएवढं जड केलेल्या पाण्याचं. चौथ्यातही डाळ अडून बसली, तर कॅल्शियमवर बोट ठेवता येतं. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणखी घट्ट बांधतात, म्हणून दाणा फुटत नाही. जमलं तर पाचवं पातेलं ठेवा: बोअरचं पाणी उकळून, निववून, वरचं नितळ ओतून घेतलेलं. जडपणा तात्पुरता, म्हणजे उकळल्यावर जाणारा असेल तर क्षार तळाशी बसतात, आणि वाडीतल्या बायकांना सांगण्यासारखा उपाय हाती येतो. या पाण्याचाही जडपणा पुन्हा मोजा.

नोंदवही फेअर करू नका. हळदीचा डाग, खाडाखोड, तारीख, गॅस संपला ती वेळ, सगळं राहू द्या. परीक्षक आधी तीच उघडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. पालक किंवा शिक्षकांनी लिहून दिलेला अहवाल दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि मूल तिथं उभ्या उभ्या कोमेजतं. मला ते बघवत नाही. शिक्षकांनो, ब्युरेट धरायला शिकवा, आम्लं-अमोनिया हाताळताना शेजारी उभे राहा. लिहायचं काम मुलांचं.

सादरीकरण आपल्या भाषेत करा. बोलायला वेळ थोडा मिळतो, त्यातली पहिली दोन मिनिटं परिषदेच्या इतिहासावर घालवू नका. आमच्या मुलीनं सुरुवातच केली, "आमची आजी आडाचं पाणी फक्त डाळीसाठी आणते." परीक्षकांनी विचारलं, आड किती लांब? ती म्हणाली, "घरापासून ६४० पावलं. मी मोजलीत."